स्कॉर्म कोर्स बनवायला सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं? आधी एलएमएस बघा, मग टूल

ऑनलाइन ट्रेनिंगचा कोर्स बनवायचाय, तो एलएमएसवर (लोकांना कोर्स देणारी आणि कुणी काय केलं त्याची नोंद ठेवणारी सिस्टीम) चढवायचाय आणि कुणी पूर्ण केला कुणी अर्धवट सोडला हे रिपोर्टमध्ये नीट दिसायला हवं, तर यासाठी सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं असं विचारलं की लोक थेट टूल्सच्या, म्हणजे कोर्स बनवायच्या सॉफ्टवेअरच्या, यादीवर तुटून पडतात. डेमो बघतात, त्यातली ॲनिमेशनं, बोलणारी पात्रं, ड्रॅग-ड्रॉप बघून हरखतात आणि लायसन्स घेऊन मोकळे होतात. नंतर कळतं की कोर्स दिसायला झकास आहे पण माणसाने शेवटच्या पानापर्यंत जाऊन परीक्षा दिली तरी रिपोर्टमध्ये आपलं 'अपूर्ण'च. म्हणून माझं म्हणणं असं की उलटीकडून सुरुवात करा. कोर्स ज्या एलएमएसवर राहणार ते आधी बघा, तिथे कसली नोंद हवीय ते ठरवा, आणि टूलचं नाव सगळ्यात शेवटी घ्या.

एलएमएस सांभाळणाऱ्या माणसाला गाठून आधी हे विचारा की आपलं एलएमएस नेमकं कोणतं स्टँडर्ड, म्हणजे कोर्स आणि एलएमएसने एकमेकांशी बोलायचे कोणते नियम, चालवतं. 'स्कॉर्म चालतं' एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. स्कॉर्म १.२ की २००४, आणि २००४ असेल तर कितवी आवृत्ती, कारण २००४ च्याच चार आवृत्त्या आहेत, शेवटची २००९ ची. मूडल नावाचं एलएमएस घ्या, जगभर चालतं, पण त्यात भरवशाचा सपोर्ट १.२ लाच आहे, २००४ च्या पॅकेजवर विसंबू नये. शिवाय हेही विचारून घ्या की अपलोडची मर्यादा किती एमबी आहे (व्हिडिओ असले की पॅकेज बघता बघता फुगतं), कोर्स त्याच खिडकीत उघडतो की पॉपअपमध्ये, आणि लोक तो बहुतेक करून मोबाइलवर करणार का कॉम्प्युटरवर. या उत्तरांवरच अर्धी टूल्स बाद होतात आणि डोक्याचा ताप वाचतो.

आता स्टँडर्ड म्हणजे काय ते थोडक्यात, कारण ते कळल्याशिवाय सेल्सवाल्याला प्रश्नच विचारता येत नाहीत. स्कॉर्म हे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या एडीएल नावाच्या उपक्रमातून आलं, १.२ आलं २००१ मध्ये, आणि इतकी वर्षं होऊनही आज सगळ्यात जास्त ठिकाणी तेच चालतं. आतून काम सोपं आहे. तुमचा कोर्स म्हणजे एक झिप फाइल, तिच्यात एचटीएमएल, चित्रं, व्हिडिओ आणि आयएमएसमॅनिफेस्ट डॉट एक्सएमएल नावाची एक फाइल, जी एलएमएसला सांगते की यात काय काय आहे आणि कुठून सुरू करायचं. कोर्स उघडला की तो ब्राउझरमध्येच वरच्या खिडक्यांमध्ये एलएमएसने ठेवलेला एक जावास्क्रिप्टचा ऑब्जेक्ट शोधतो आणि त्याच्याशी बोलतो, की बाबा मी सुरू झालो, हा माणूस इथवर आला, मार्क इतके, आता बंद करतोय. म्हणूनच कोर्सच्या फाइली एका सर्व्हरवर आणि एलएमएस भलत्याच डोमेनवर असा मामला असेल तर ब्राउझर सुरक्षेपायी ते बोलणं अडवतो आणि नोंद होत नाही. यात टूलचा काही दोष नसतो, पण शिव्या टूललाच बसतात.

१.२ घ्यायचं का २००४, यावर जरा थांबून विचार करा, कारण पुढे त्रास होतो तो बहुधा इथूनच.

१.२ मध्ये 'पूर्ण केला' आणि 'पास झाला' या दोन गोष्टींसाठी एकच रकाना आहे. त्यात कम्प्लीटेड, पास्ड, फेल्ड, इनकम्प्लीट अशी ठरलेली मूल्यं जातात, पण एका वेळी एकच. म्हणजे एखाद्याने सगळा कोर्स बघितला आणि परीक्षेत नापास झाला तर नोंद काय करायची? 'फेल्ड' लिहिलं तर बघितल्याची नोंद गेली, 'कम्प्लीटेड' लिहिलं तर नापास झाल्याची. त्यामुळे पब्लिश करताना टूल विचारतं की स्टेटसची कुठली जोडी पाठवू, पास्ड-फेल्ड का पास्ड-इनकम्प्लीट का कम्प्लीटेड-इनकम्प्लीट, आणि लोक तिथे डोळे झाकून ओके दाबतात. तिकडे एलएमएसमध्ये कोणी 'पास्ड आलं तरच पूर्ण धरा' असं लावून ठेवलेलं असतं आणि कोर्स पाठवतोय 'कम्प्लीटेड', मग बसा शोधत. दोन्हीकडच्या सेटिंग्ज शेजारी शेजारी ठेवून जुळवायच्या, दुसरा उपाय नाही. २००४ मध्ये हे दोन रकाने वेगळे केले, पूर्ण झाल्याचा एक आणि पास-नापासचा एक, त्यामुळे ही भानगडच मिटते. तुमचं एलएमएस २००४ नीट चालवत असेल तर एवढ्या कारणासाठीसुद्धा ते घ्यावं.

दुसरा फरक जास्त छळतो कारण तो चाचणीत दिसत नाही, मोठ्या कोर्सवर दिसतो. माणूस मध्येच उठून गेला आणि उद्या परत आला तर कोर्स तिथूनच सुरू व्हायला हवा ना, तर त्यासाठी कोर्स स्वतःची सगळी स्थिती, कुठलं पान, कुठल्या प्रश्नाला काय उत्तर दिलं, कुठला बॉक्स उघडला, हे सगळं एका लांबलचक अक्षरमालेत कोंबून एलएमएसकडे ठेवायला देतो, तिला सस्पेंड डेटा म्हणतात. १.२ मध्ये त्याला मर्यादा ४०९६ अक्षरांची. २००४ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून ती ६४,००० झाली. आता दहा पानांचा कोर्स असेल तर ४०९६ पुरून उरतात, पण भरपूर स्लाइड, भरपूर प्रश्न, प्रत्येक स्लाइडवर चार चार लेयर असले की मर्यादा भरते, आणि मग काही एलएमएस जास्तीचा डेटा कापून टाकतं तर काही घेतच नाही. परिणाम एकच, माणूस दुसऱ्या दिवशी आला की कोर्स पहिल्या पानावर. तक्रार येते 'कोर्स परत पहिल्यापासून सुरू होतो', आणि बनवणाऱ्याच्या मशीनवर सगळं व्यवस्थित चालतंय. काही एलएमएस १.२ मध्येसुद्धा मर्यादेपेक्षा जास्त साठवून घेतात, पण ती त्यांची मेहेरबानी, त्यावर कोर्सची बांधणी करू नका. १.२ वरच राहायचं असेल तर मोठा कोर्स तोडून छोटे छोटे करा, शिकणाऱ्यालाही ते बरं पडतं.

तिसरी गोष्ट ज्यांना ऑडिट असतं त्यांच्यासाठी. कोणत्या प्रश्नाला कोणी काय उत्तर दिलं हे दाखवावं लागणार असेल तर १.२ मध्ये एलएमएसने प्रश्नवार उत्तरं साठवलीच पाहिजेत असं बंधन नाही, तो भाग ऐच्छिक आहे. आणि साठवली तरी प्रश्नाचा मजकूर पाठवायला तिथे जागाच नाही, रिपोर्टमध्ये प्रश्नाचा काहीतरी कोड आणि उत्तर म्हणून 'ए' किंवा 'सी' असं दिसतं, आता ऑडिटरला त्यातून काय बोध होणार. २००४ मध्ये प्रश्नाचं वर्णन पाठवता येतं. ही गरज असेल तर टूल घेण्याआधी एलएमएसचा प्रत्यक्ष रिपोर्ट डाउनलोड करून बघा, स्क्रीनशॉट नको, खरी फाइल.

मग एक्सएपीआय आणि सीएमआय ५ या नव्या स्टँडर्डचं काय? एक्सएपीआय १.० आलं २०१३ मध्ये, त्यात 'अमक्याने तमुक केलं' अशा वाक्यासारख्या नोंदी होतात आणि त्या एलआरएस नावाच्या वेगळ्या साठ्यात जातात. ताकदवान आहे, एलएमएसच्या बाहेरचं शिकणंसुद्धा नोंदवता येतं, मोबाइल ॲप असो, सिम्युलेटर असो. पण तुमच्याकडे एलआरएसच नसेल तर टूलच्या डब्यावर एक्सएपीआय लिहिलंय याला काडीचा अर्थ नाही. आणि नुसत्या एक्सएपीआयमध्ये कोर्स सुरू कसा करायचा, पूर्ण कधी धरायचा याचे पक्के नियम नाहीत, ते घालून दिले सीएमआय ५ ने, २०१६ मध्ये. नव्याने सगळं उभं करत असाल आणि एलएमएस सीएमआय ५ खरंच चालवत असेल तर जरूर त्या वाटेने जा. एआयसीसी हे स्कॉर्महूनही जुनं स्टँडर्ड, विमान उद्योगातल्या त्याच नावाच्या समितीकडून आलेलं, ती समिती २०१४ मध्येच बंद झाली. कुणी जुन्या सिस्टीमसाठी मागितलं तरच त्याचा विचार करा.

आता टूल्स. सगळ्यांची नावं घेत बसत नाही, प्रकार सांगतो आणि त्यात कोण बसतं ते.

पॉवरपॉइंटचे ढीग आधीच तयार आहेत आणि बनवणारे लोक विषयातले तज्ज्ञ आहेत पण टूलवाले नाहीत, तर आयस्प्रिंग सूटसारखं काहीतरी घ्या, ते पॉवरपॉइंटच्या आतच बसतं, विंडोजवर चालतं, क्विझ जोडा आणि पब्लिश करा, १.२ पासून सीएमआय ५ पर्यंत सगळं बाहेर काढतं. शिकायला फार वेळ जात नाही. फक्त कोर्सची बांधणी पॉवरपॉइंटच्या चौकटीतच राहते हे धरून चला.

बटण दाबलं की हे होईल, तीन वेळा चुकलं की ते दिसेल, सॉफ्टवेअरची नक्कल करून दाखवायचीय, असं गुंतागुंतीचं काही असेल तर आर्टिक्युलेट स्टोरीलाइन, अडोबी कॅप्टिव्हेट, लेक्टोरा हे लोक. यात स्टोरीलाइनचा वापर मोठा असल्यामुळे अडल्यावर उत्तर सापडतं, आणि खरं सांगायचं तर हा फायदा फीचरच्या यादीत कुठेच लिहिलेला नसतो पण रात्री अकराला कोर्स अडकला की तोच कामाला येतो. स्टोरीलाइन विंडोजचं आहे, मॅकवाल्यांना त्यासाठी विंडोज वेगळं चालवावं लागतं, हे आधी बघून घ्या. लेक्टोरा बरंच जुनं, दिव्यांगांसाठी सुलभ कोर्स बनवण्यात त्याचं नाव आहे.

मोबाइलवर वाचायचा, वरून खाली सरकत जाणारा, साधा स्वच्छ कोर्स पटकन हवा असेल तर ब्राउझरमध्ये चालणारी टूल्स, राइज, एल्युसिडॅट वगैरे. चारपाच जण मिळून एकाच कोर्सवर काम करू शकतात, डिझाइनची अक्कल नसली तरी दिसायला बरं निघतं. पण मनासारखं वेगळं काही करायला गेलात की ते टूल हात वर करतं.

आणि पैसे खर्च करायचे नसतील तर एक्सई लर्निंग, मुक्त स्रोत, आपल्या मशीनवर टाकायचं, मजकूर आणि प्रश्न भरायचे, स्कॉर्म १.२ मध्ये काढायचं. दिसायला साधं असतं, शाळा-कॉलेज किंवा छोट्या संस्थेला मात्र भरपूर आहे. झर्टे आणि अडॅप्ट हेही मुक्त स्रोत, पण ती सर्व्हरवर बसवायला जाणकार माणूस लागतो, तेव्हा फुकट म्हणजे फक्त लायसन्स फुकट, माणसाचा वेळ नाही. एच५पी, म्हणजे क्विझ आणि इंटरॲक्टिव्ह मजकूर बनवायचं मुक्त स्रोत टूल, त्याबद्दल एक गैरसमज आहे, लोकांना वाटतं त्यातून सरळ स्कॉर्म निघतं. तसं नाही, ते मूडल, वर्डप्रेस, द्रुपल यांच्या आत बसून चालतं, स्कॉर्म पॅकेज हवंच असेल तर लुमी नावाचं मोफत ॲप वापरून काढता येतं. तुमचं एलएमएस मूडलच असेल तर एच५पी थेट तिथेच वापरा ना, कशाला स्कॉर्मचा खटाटोप, मार्क तसेही गुणपत्रकात जातात.

दोन-तीन टूल्स उरली की ट्रायल घ्या, आणि ट्रायल म्हणजे टूलमध्ये इकडेतिकडे बटणं दाबून बघणं नव्हे. एक छोटासाच पण वाकडा कोर्स बनवा. सात-आठ पानं, एक व्हिडिओ, दहा प्रश्नांची परीक्षा, पासिंग ८० टक्के. तो पब्लिश करून आधी स्कॉर्म क्लाउडवर टाका, रस्टिसी सॉफ्टवेअरची ही सेवा आहे, फुकट खात्यावर मर्यादा आहेत पण चाचणीपुरतं चालून जातं, आणि तिथे कोर्सने काय काय पाठवलं त्याचा लॉग ओळीओळीने दिसतो. तिथे बरोबर चाललं आणि तुमच्या एलएमएसवर बिघडलं तर दुखणं एलएमएसमध्ये किंवा त्याच्या सेटिंगमध्ये आहे, तिथेही बिघडलं तर टूलमध्ये किंवा तुमच्या पब्लिशमध्ये. निम्मी भांडणं इथेच मिटतात.

मग तोच कोर्स तुमच्या स्वतःच्या एलएमएसवर, ॲडमिनच्या नव्हे, साध्या विद्यार्थ्याच्या लॉगिनने करून बघा. एकदा सरळ पास व्हा. एकदा मुद्दाम नापास व्हा आणि रिपोर्ट बघा. एकदा पाचव्या पानावर कोर्समधलं बाहेर पडायचं बटण न दाबता ब्राउझरचा टॅबच खाडकन बंद करा, कारण लोक असंच करतात, आणि परत येऊन बघा पाचव्या पानावर आलात का. नवे ब्राउझर पान बंद होतानाच्या क्षणी पाठवलेली माहिती जाऊ देतीलच असं नाही, तेव्हा जे टूल शेवटची वाट न बघता प्रत्येक पानागणिक नोंद पाठवत राहतं ते चांगलं. एकदा परीक्षा चालू असताना मोबाइलचं नेट बंद करा, उत्तर द्या, आणि कोर्स काही सांगतो का मुकाट पुढे जातो ते बघा. मुकाट पुढे जात असेल तर पुढे तक्रारी येणार हे लिहून ठेवा.

झिपबद्दल एक बारीक गोष्ट. लॉगिनची लिंक बदलायला किंवा एखादं चित्र टाकायला कुणीतरी झिप उघडतं, बदल करतं आणि बाहेरच्या फोल्डरवर राइट क्लिक करून परत झिप करतं. झालं, आता ती मॅनिफेस्ट फाइल झिपच्या तोंडाशी न राहता एका फोल्डरच्या आत गेली, आणि एलएमएस म्हणतं हे स्कॉर्म पॅकेजच नाही. फोल्डरच्या आत जायचं, सगळ्या फाइली सिलेक्ट करायच्या आणि मग झिप करायचं. आणि कोर्सचं नाव मराठीत ठेवा हवं तर, पण आतल्या फाइलींची नावं साध्या इंग्रजी अक्षरात, मध्ये स्पेस न देता, नाहीतर काही सर्व्हरवर झिप उघडताना नावांचा पार चुराडा होतो.

मराठीत कोर्स करणार असाल तर ट्रायलमध्ये खरा मराठी मजकूर टाका, 'चाचणी चाचणी' नको. जोडाक्षरं, रफार, 'र्‍या'सारखी अक्षरं, 'ॲ', हे सगळं असलेला एक परिच्छेद घेऊन तो मजकुरात, बटणावर, क्विझच्या पर्यायांत आणि निकालाच्या पानावर असा चारही ठिकाणी टाका. मजकुरात बरोबर आणि बटणावर मोडलेलं असं होतं. रिकाम्या जागा भरा प्रकारचा प्रश्न असेल तर मोबाइलच्या मराठी कीबोर्डने उत्तर टाइप करून बघा, टूल ते बरोबर धरतं का. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधला मजकूर असेल तर आधी युनिकोडमध्ये आणा, नाहीतर स्क्रीन रीडर (अंध माणसाला मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) तो वाचू शकत नाही आणि शोधलं तर सापडत नाही. 'पुढे', 'मागे', 'सबमिट' ही टूलची स्वतःची लेबलं मराठीत बदलता येतात का हेही बघा. आणि एकच कोर्स दोन-तीन भाषांत करायचा असेल तर मजकूर एक्सलिफ (भाषांतरासाठीचा ठरलेला फाइल प्रकार) फाइलमध्ये बाहेर काढून भाषांतर करून परत आत घेता येतो का हे विचारा, नाहीतर एकेक बॉक्समध्ये कॉपी-पेस्ट करत बसावं लागतं, तो शुद्ध छळ आहे.

दिव्यांगांसाठीच्या सुलभतेच्या बाबतीत सेल्सवाले 'डब्ल्यूसीएजी कम्प्लायंट', म्हणजे वेब सुलभतेचे नियम पाळणारं, म्हणून मोकळे होतात. कोणतं, २.१ का २०२३ मध्ये आलेलं २.२, आणि कोणती पातळी, हे विचारा. मग माउस बाजूला ठेवून फक्त कीबोर्डवर कोर्स पूर्ण करून बघा. ड्रॅग-ड्रॉपच्या प्रश्नावर बरीच टूल्स इथेच गार होतात.

लायसन्स घेताना एक प्रश्न नक्की विचारा, पैसे भरणं थांबवलं तर माझ्या कोर्सचं काय. पब्लिश केलेली झिप बहुतेक वेळा चालत राहते, पण सोर्स, म्हणजे टूलमध्ये बदल करता येणारी मूळ फाइल, क्लाउडवर अडकलेला असला तर एक स्पेलिंग बदलायलासुद्धा परत वर्गणी भरावी लागते. आणि टूल बदललं की सोर्स दुसऱ्या टूलमध्ये उघडत नाही, स्कॉर्ममुळे तयार कोर्स कुठेही नेता येतो, पण त्याचा सोर्स नेता येत नाही. एकाच कंपनीच्या टूलमध्येसुद्धा खात्री नसते, २०२३ मध्ये अडोबीने कॅप्टिव्हेट नव्याने बांधून आणलं आणि जुन्या क्लासिकमधले प्रोजेक्ट त्यात उघडत नाहीत. २०२० च्या शेवटी फ्लॅश (जुने कोर्स ज्यात बनायचे ते ॲनिमेशनचं तंत्र) बंद झालं तेव्हा ज्यांच्याकडे सोर्स होता त्यांनी एचटीएमएल ५ मध्ये परत पब्लिश केलं, ज्यांच्याकडे नुसती झिप होती ते पहिल्यापासून बसले बनवत. बाहेरच्या एजन्सीकडून कोर्स करून घेत असाल तर करारातच लिहा की सोर्स फाइल, चित्रं, आवाजाच्या मूळ फाइली, वापरलेले फॉन्ट सगळं आमच्या ताब्यात द्यायचं. आमच्याकडे एका एजन्सीने सोर्स मागितल्यावर वेगळे पैसे सांगितले होते, आणि कागदावर काही नव्हतं म्हणून द्यावे लागले.

ट्रायल संपायच्या आत अजून एक करून बघा, हे सहसा कुणी करत नाही. अर्धा झालेला कोर्स एलएमएसवर तसाच ठेवा, टूलमध्ये मध्येच एक पान वाढवा, परत पब्लिश करा आणि त्याच जागी नवी झिप चढवा. मग अर्ध्यावर असलेल्या विद्यार्थ्याने परत कोर्स उघडला तर काय होतं ते बघा. जुना सस्पेंड डेटा नव्या पानांशी जुळत नाही म्हणून काही कोर्स भलत्याच पानावर नेतात, काही पांढरी स्क्रीन दाखवतात, काही पहिल्यापासून सुरू करतात, आणि काही एलएमएस नवीन झिप म्हटलं की आधीच्या नोंदीच वेगळ्या करून ठेवतात. एका आकड्याची दुरुस्ती करायची असली तरी हाच प्रसंग येणार आहे, आणि तेव्हा कोर्समध्ये चारपाचशे लोक अर्ध्यावर असतील.